अमेरिकेहून जालना किती तास?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या जालन्यात हल्ली गल्लीआड एक तरी घर असे सापडते की ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. बियाण्यांचे आणि लोखंडाचे हे गाव; पण आता ते संगणकवाल्या मुलांच्या आईबापांचेही गाव झाले आहे. या आईबापांना शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. अमेरिका किती लांब आहे, हा पहिला आणि यायला किती तास लागतात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठरलेले असते, साडेबारा हजार किलोमीटर. दुसऱ्याचेही ठरलेले असते, पंधरा तास. दोन्ही उत्तरे पुस्तकात बरोबर आहेत. तरीही दुसऱ्या उत्तराने एकदा माझी फजिती केली. फजिती हा शब्द खरे म्हणजे फार हलका आहे.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. २०१४च्या डिसेंबरातल्या एका बुधवारी रात्री नऊच्या सुमारास माझे थोरले भाऊ गेले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. त्याला फोन केला तेव्हा तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. घरात सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा, पोरगं कधी पोचंल?" मी मनातल्या मनात हिशेब केला. घरून निघून विमानात बसायला तीन तास, पंधरा तास विमान, मुंबईहून जालन्याला गाडीने आठ तास. एकूण सव्वीस. "उद्या रात्री अकरापर्यंत येतोच," मी सांगून टाकले. रात्री अंत्यविधी करायचा नाही म्हणून वडीलधाऱ्यांनी शुक्रवारी सकाळी आठची वेळ ठरवली आणि भोकरदन, परतूर, अंबड, सगळीकडे निरोप गेले.

पुतण्या घरी पोचला शुक्रवारी सकाळी साडेअकराला. माझा हिशेब साडेबारा तासांनी चुकला होता. त्या साडेबारा तासांत काय काय होते, हे मी नंतर बसून शोधले. आजचे हे भाषण म्हणजे तोच शोध आहे.

आधी अंतराचे बघू. अंतर म्हणजे नेमके काय मोजायचे? वर्गात मी यासाठी मोसंबी वापरायचो, जालन्यात तिला तोटा नाही. मोसंबीचा देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजा. मधोमध पेनाने एक वर्तुळ काढा, ते विषुववृत्त. त्याच्या किंचित वर एक टिंब द्या, ते जालना. आपण उत्तर अक्षांश २०च्या आसपास आहोत. आता मोसंबी जवळजवळ उलटी फिरवा आणि पलीकडच्या बाजूला, विषुववृत्त आणि देठ यांच्या मध्यावर, थोडे खालीच, दुसरे टिंब द्या. ते न्यूयॉर्क, सुमारे ४१ अंश उत्तर. आता शिवणाचा दोरा घेऊन एक टोक जालन्यावर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला असताना तो कसाही पडेल, पण ताणल्यावर तो आपोआप वर सरकून देठाच्या बाजूने जाईल. ताणलेल्या दोऱ्याची वाट हीच सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात.

भिंतीवरच्या नकाशाने आपल्या डोक्यात वेगळेच चित्र बसवलेले असते. त्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक अशी सरळ पश्चिमेला जाते. ही रेघ दिसायला सरळ, पण पृथ्वीवर ती भरते सुमारे चौदा हजार दोनशे किलोमीटर. दोऱ्याची वाट भरते साडेबारा हजार. म्हणजे कागदावरची 'सरळ' वाट सतराशे किलोमीटरनी लांबची! दोऱ्याप्रमाणे जायचे तर मुंबईहून विमानाने पश्चिमेला तोंड करायचेच नाही. उत्तरेकडे, जरासे डावीकडे झुकून निघायचे. मग पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया ओलांडून ते मॉस्कोच्या अंगावरून जाईल, नॉर्वेच्या मधून बाहेर पडेल, आइसलंड ओलांडेल, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाईल आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरेल. सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर याहून चमत्कारिक. मुंबईहून तो उत्तरेला, किंचित उजवीकडे, निघतो आणि ध्रुवाच्या बराच जवळून जातो. लांबी साडेतेरा हजार किलोमीटर.

पृथ्वीची गोलाई इतकी नेमकी कळली म्हणून हे आकडे आपण बिनधास्त सांगू शकतो. ती मोजण्याच्या कामात भारताचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन त्रिकोणांची माळ रचत एका अंशाचे अंतर मोजायला सुरुवात केली. हे काम करता करताच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले. शिखराला नाव एव्हरेस्टचे मिळाले. लॅम्टनची कबर हिंगणघाटला आहे, हे विदर्भातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते.

तर दोरा असा आहे. पण विमान दोऱ्यावरून जातेच असे नाही, कारण आकाशालाही बांध असतात. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी होते तशी देशांची आकाशावरून होते. प्रत्येक देशाची हद्द जमिनीबरोबर संपत नाही, ती वरही असते, आणि त्या देशाने नाही म्हटले की वळसा घालावा लागतो. २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवले होते. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली. याची खरी झळ दिल्लीच्या विमानांना बसली. दिल्लीहून अमेरिकेला न थांबता जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. मुंबईची विमाने तशीही बरीचशी अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघू शकतात, म्हणून त्यांना त्रास तुलनेने कमी. शेजाऱ्यांचे भांडण झाले की आपल्या लेकराचा प्रवास तासा-दीड तासाने वाढतो, तो असा.

आणि इंधनाचे म्हणाल तर लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ जातीच्या विमानात सुमारे एक लाख एक्क्याऐंशी हजार लिटर इंधन मावते. रस्त्यावर दिसणारे बारा हजार लिटरचे टँकर पंधरा उभे केले तर जेवढे होईल तेवढे. यातले बरेचसे इंधन नुसते उरलेले इंधन वाहून नेण्यातच जळते. म्हणून हजार किलोमीटरचा वळसाही या विमानांना फार जड जातो.

आता वेळेकडे येऊ. असे विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जाते. साडेबारा हजाराला नऊशेने भागा, चौदा तासांना थोडे कमी येते. मग मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना पंधरा-सोळा तास का लागतात आणि परतताना चौदा-साडेचौदा का?

शाळेत हा प्रश्न विचारला की एक तरी हुशार मुलगा हात वर करून सांगायचा, "सर, पृथ्वी फिरते म्हणून!" उत्तर चुकीचे, पण विचार करण्याजोगे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. जालना आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, ताशी सुमारे पंधराशे सत्तर किलोमीटर वेगाने पूर्वेला चालले आहे. मग विमानाने नुसते वर जाऊन थांबावे, अमेरिका खालून आपोआप येईल, असे एका शेतकरी पालकांनीही मला विचारले होते. मी त्यांना म्हटले, चालत्या एसटीत रुपयाचे नाणे वर उडवा. ते मागच्या सीटवर पडते का? तुमच्याच हातात येते, कारण नाण्यालाही एसटीचाच वेग असतो. तसे विमान आणि भोवतालची हवा दोन्ही पृथ्वीबरोबर फिरतच असतात. पृथ्वी फिरण्याचा फायदा-तोटा विमानाला थेट मिळत नाही.

थेट मिळत नाही असे मी म्हणतो, कारण आडवळणाने मिळतो. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वरून ध्रुवाकडे जायला निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. त्यातून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या अरुंद नद्या तयार होतात. इंग्रजीत त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो, आणि त्यातली एक नदी हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहते. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजदाद केली. गंमत अशी की, जगाने वाचावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्परान्तो या जागतिक म्हणून बनवलेल्या भाषेत छापला आणि त्यामुळेच तो जगात फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा लागला तेव्हा वैमानिक चक्रावून गेले.

नाव प्रवाहाबरोबर सोडली तर वेगाने जाते, उलट वल्हवली तर दमवते. विमानाचे तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये असाच जोराचा वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन मिनिटांत पोचले. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. उलट दिशेने जाणाऱ्यांचे त्या दिवशी काय झाले असेल याचा अंदाज करा. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये याच वाऱ्याचा हिशेब करून दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेले. वाट चौदाशे किलोमीटरनी लांब झाली, एकूण पंधरा हजार तीनशे किलोमीटर, पण विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोचले. अंतर जास्त आणि वेळ कमी! किलोमीटरला वेगाने भागून तास काढायला आम्हीच मुलांना शिकवतो. हे उदाहरण गणिताच्या पुस्तकात घालायला हवे.

घड्याळाची गंमत आणखी वेगळी. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे. जालना त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी सव्वीस मिनिटे मागे असतो. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर यायला साडेबाराच्या आसपास होतात. एवढ्या फरकाचे आपल्याला काही वाटत नाही. न्यूयॉर्क मात्र हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, कारण मार्च ते नोव्हेंबर ते लोक आपली घड्याळे तासभर पुढे करतात. तिकिटावर सुटण्याची वेळ तिथली आणि पोचण्याची इथली. मुंबईहून रात्री दीडला निघालेले विमान सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरले असे तिकीट सांगते. वाचणाऱ्याला वाटते सहा तासांत पोचले. त्यात साडेदहा मिळवा, खरे साडेसोळा. येताना उलटे, तेवढे तास वजा करायचे. तिकडून येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस हवेतच विरून जातो.

इथवरचा हिशेब मला २०१४ सालीही येत होता. चुकले ते पुढे, जमिनीवर.

पुतण्याला न थांबता मुंबईला येणाऱ्या विमानात जागा मिळाली नाही. ऐनवेळी ती मिळतेच असे नाही. मिळाली ती युरोपातून बदलून येणाऱ्या विमानाची, आणि ते सुटणार होते तिकडच्या संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे बातमी कळल्यापासून आठ तास तो जमिनीवरच. मग साडेसात तास विमान. मग युरोपात पाच तास बसून राहणे. मग साडेआठ तास विमान. शुक्रवारी पहाटे दोनला मुंबई. पारपत्राची रांग आणि सामान यांत दीड तास. आणि गाडीने आठ तास. एकूण साडेअडतीस. यात उडण्याचे तास सोळाच, माझ्या पंधरांपेक्षा एकच जास्त. बाकीचे साडेबावीस तास जमिनीवरचे, आणि ते मी अकरा धरले होते. वाट बदलल्याने अंतर फार वाढत नाही, हेही लक्षात घ्या. न्यूयॉर्कहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई धरली तर दोऱ्याच्या वाटेपेक्षा जेमतेम अडीचशे किलोमीटर जास्त पडतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला दोनदा जाऊन आलो तर होतील तेवढे. वाढतो तो थांबण्याचा वेळ.

शेवटचा टप्पाही मी हलका धरला. जालन्याला प्रवासी विमान उतरत नाही. जवळचा विमानतळ चिकलठाण्याचा, पन्नासेक किलोमीटरवर, जालना रस्त्यालाच लागून. तिथून मुंबई हवेतून पावणेतीनशे किलोमीटर, तासाभराचे काम. पण परदेशातली विमाने मुंबईला बहुधा मध्यरात्री-पहाटे उतरतात आणि त्या वेळी पुढचे विमान नसते. म्हणजे एक तर बसून राहा किंवा गाडी करा. तेरा हजार किलोमीटर सोळा तासांत आलेल्या माणसाला शेवटच्या चारशे किलोमीटरना त्याच्या निम्मे तास लागतात.

त्याने मुंबईहून फोन केला, "काका, दुपारपर्यंत पोचतो." पण पाहुणे रात्रभर थांबलेले, बर्फ संपत आलेला, आठची वेळ सगळ्यांना दिलेली. वडीलधाऱ्यांनी ठरवले, आता थांबायचे नाही. अग्नी माझ्या पुतणीने दिला. तेव्हा तो नाशिक सोडून थोडा पुढे आला होता. मी जर बुधवारी रात्रीच "शुक्रवार दुपार धरा" असे म्हटले असते तर निरोप तसेच गेले असते आणि पाहुणेही त्या हिशेबाने आले असते. पुतण्या मला यावर कधी एक शब्द बोललेला नाही.

पूर्वीच्या माणसांना असा अंदाज बांधण्याची वेळच येत नसे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस. शिकून, डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांच्या रक्षेचा काही भाग पुन्हा समुद्र ओलांडून न्यूयॉर्कजवळच्या पोकीप्सी गावी गेला. तिथे त्यांना मुलीसारखे वागवणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तो पुरला आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला गेले, तेही कैरो आणि जिनिव्हा असे थांबत. १९६० साली मे महिन्यात न्यूयॉर्कही जोडले गेले. तेव्हापासून आपण तासांत बोलू लागलो.

आता मला कोणी विचारले की मी आधी एकच उलट प्रश्न करतो, "तिकीट हातात आहे का?" असेल, तर विमान सुटण्याची तिकडची वेळ घेतो, तीत हंगामाप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा मिळवतो, तिकिटावरचा एकूण प्रवास मिळवतो आणि मुंबईत उतरल्यावर दीड तास सोडून पुढचा रस्ता धरतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूने पुरा खुला झाल्यापासून तो रस्ता कमी झाला आहे, पण मी जुनेच आठ तास धरतो. तिकीट हातात नसेल, तर मी दीड दिवसाच्या आतला आकडा तोंडातून काढत नाही.

२०२५च्या दिवाळीला पुतण्या येणार होता. "काका, शनिवारी रात्री निघतो, सोमवारी येतो," त्याने कळवले. वहिनींनी बोटे मोजली. "भाऊजी, मधला रविवार कुठं गेला?" मी त्यांना मोसंबी दाखवून सांगितले. सोमवारी नरकचतुर्दशी होती. "अभ्यंगाला पोचंल का?" त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हटले, "वहिनी, सकाळी आठच्या आत धरू नका." त्यांनी मान हलवली आणि रात्रीच उटणे भिजवून ठेवले. पहाटे सव्वापाचला दारात गाडी थांबली, तेव्हा बंबातले पाणी तापलेले होते.